दाबलेली कॉपी

फ्यूजनं कोरसचा ट्रॅक निवडला, त्याची एक कॉपी काढली आणि त्या कॉपीचा गळा दाबला.

गळा दाबायचं यंत्र पडद्यावर होतं. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. चार गोल बटणं आणि एक सुई, एवढाच पसारा. तिनं पहिलं बटण पार खाली नेलं, दुसरं पार वर, आणि सुई थरथरत डावीकडे जाऊन पडून राहिली. माणसाला अशी वागणूक दिली असती तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते. पण ही कॉपी होती. मूळ ट्रॅक तिच्या शेजारी जसाच्या तसा बसून होता, आपला काही संबंध नसल्यासारखा.

"काय चाललंय राजा?" मागच्या सोफ्यावरून संगीतकार म्हणाले. ते सगळ्यांनाच राजा म्हणत. नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत.

"पॅरलल कॉम्प्रेशन, सर."

"म्हणजे?"

ते दर वेळी विचारत. ती दर वेळी नवं उत्तर देई, कारण जुनं त्यांच्या लक्षात नसे आणि तिला तेच ते सांगायचा कंटाळा होता.

"वर्गात मास्तर आले की पुढच्या बाकावरची दंगेखोर पोरं गप्प होतात ना सर, मग मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू येते. कॉम्प्रेसर म्हणजे तो मास्तर. मोठ्याला खाली बसवतो, म्हणजे बारीक आपोआप वर येतं. पण अख्ख्या गाण्यावर मास्तर सोडला तर गाण्याचा जीव जातो. म्हणून मूळ वर्ग दंग्यासकट तसाच ठेवायचा. मास्तर सोडायचा तो कॉपीवर. मग ती कॉपी मूळ ट्रॅकच्या खाली हळूच मिसळायची. दंगाही राहतो आणि कुजबुजही येते."

संगीतकारांनी थोडा विचार केला.

"आमचे मास्तर फार मारायचे," ते म्हणाले आणि त्यांनी मफलर घट्ट केला. ते गात नसत, पण गळा जपत.

गाणं एका पाइप कंपनीच्या पन्नासाव्या वर्षाचं होतं. शब्द कंपनीच्या साहेबांचे. ते त्यांनी स्वतः लिहिले होते आणि वाचल्यावर याबद्दल कुणाला शंका उरत नसे. कडवी मुख्य गायिकेनं परवाच येऊन गायली होती. ध्रुपद कोरसचं होतं आणि ते तीन वेळा यायचं:

जोडत जाऊ, जोडत राहू,
नळ नळाला घट्ट करू.

साहेब पाच वाजता ऐकायला येणार होते. आता सव्वाचार झाले होते.

"कोरस पातळ वाटतोय गं," संगीतकार म्हणाले. "साहेबांना भरीव पाहिजे. त्यांनी मला पाइप टेबलावर आपटून दाखवला, बरं का. म्हणाले, असा आवाज पाहिजे."

"पाइप पोकळ असतो, सर."

"ते मी बोललो नाही."

फ्यूजनं मान डोलावली. तिला फ्यूज म्हणत, कारण कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं मशीन आणि चहाची किटली एकाच बोर्डाला लावून सगळ्या इमारतीचे दिवे घालवले होते. चार मजल्यांमध्ये एक दंतवैद्यही होता. त्याच्या खुर्चीत त्या वेळी जो कोण आ वासून बसला होता, त्याच्याबद्दल तिला अजून अधूनमधून वाईट वाटे.

"आणि ऐक," संगीतकार म्हणाले, "ती जाड आवाजाची बाई आहे ना, मागची? ती मिसळत नाही. एवढं गाणं झालं की तिला बोलवायचं नाही. मी स्टुडिओच्या मालकांच्या कानावर घातलंय. पाचजणी पुरे झाल्या."

फ्यूजचा हात माऊसवर होता तिथेच राहिला. पडद्यावरचा बाणही एका जागी उभा राहिला.

काचेपलीकडे मोठी खोली होती. रिकामी. तिथल्या लाकडी जमिनीवर काळ्या चिकटपट्टीच्या सहा फुल्या होत्या, कोरसवाल्यांनी कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून. पाच फुल्या माइकसमोर एका ओळीत. सहावी दोन पावलं मागे. पुढच्या पाच फुल्या दरवर्षी नव्यानं चिकटवाव्या लागत, कारण पुढे कायम माणसं बदलत. सहावी फुली जुनीच होती. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी एका बाईला म्हणालं होतं, "ताई, तुमचा आवाज जाड आहे, जरा दोन पावलं मागे व्हा." म्हणणारा माणूस पुढे धंदा सोडून गेला. तेव्हाचा माइक गेला, फितीचं मशीन गेलं, छतही एकदा बदललं. बाई मात्र दोन पावलं मागेच राहिली, कारण पुढे या असं सांगायला कुणी आलंच नाही.

ती बाई फ्यूजची आई होती.

हे स्टुडिओत कुणाला माहीत नव्हतं. नियम आईनंच घातला होता. फ्यूजला इथे काम लागलं त्या रात्री जेवताना ती म्हणाली होती, "तिथे मी तुझी आई नाही, कोरसवाली. आणि तू माझी पोर नाहीस, मशीनवाली. आईच्या वशिल्यानं लागली असं तुला कुणी म्हणायला नको, आणि लेकीमुळे टिकली असं मला." तेव्हापासून दोघी घरातून एकत्र निघत, स्टॉपपर्यंत भांडत आणि दोन वेगवेगळ्या बसनं कामावर येत. स्टुडिओत फ्यूज आईला "ताई" म्हणे. आई तिला "मॅडम" म्हणे, आणि त्यात तिला जितकी मजा वाटायची तितकी वाटायची गरज नव्हती.

फ्यूजनं हेडफोन घातले आणि नुसती दाबलेली कॉपी सुरू केली.

गळा दाबलेल्या ट्रॅकमध्ये सगळं ऐकू येतं. कागद उलटल्याचा आवाज आला. कुणाचा तरी गुडघा वाजला. कुणाच्या तरी पोटानं जेवणाची आठवण करून दिली. मग ओळ सुरू होण्याआधीचे श्वास. पाच श्वास जवळचे होते. सहावा लांबचा, खोल, किंचित वैतागलेला. तो तिनं लगेच ओळखला. घरी जड पातेलं उचलण्याआधी आई अगदी असाच श्वास घ्यायची.

मग पाचजणी नळ नळाला घट्ट करायला लागल्या. त्यांच्यामागून, त्याच चालीत, अगदी सुरात, सहावी गात होती:

पाय दुखती, कंबर दुखते,
खुर्ची कुणी का देईना.

फ्यूजनं ट्रॅक थांबवला. मागे वळून पाहिलं. संगीतकार नखं बघत होते. तिनं दुसऱ्या ध्रुपदावर उडी मारली.

सहा बायका, एक पंखा,
तोही बघतो सरांकडे.

आणि तिसऱ्यावर:

तीस वर्षं पाठ बघते,
हिचा खांदा, तिची वेणी.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सरळ केले. पुन्हा सरळ केले.

"सर, एका माइकच्या वायरीत खरखर आहे. बघून येते."

बाहेरच्या बोळात कोरसवाल्या थांबल्या होत्या. सरांनी ठीक आहे म्हणेपर्यंत कुणी घरी जायचं नाही अशी पद्धत होती. बाकावर पाचजणी मावत. पाचजणी बसल्या होत्या. आई भिंतीला टेकून उभी होती आणि पिशवीची चेन लावत-काढत होती.

"ताई, जरा वायर धरायला येता का?"

"मॅडम म्हणतील तसं."

"आता वायरीही आपणच धरायच्या का?" बाकाच्या मध्यावर बसलेली, पुढच्या ओळीत माइकच्या बरोब्बर समोर उभी राहणारी बाई म्हणाली. तिला सगळ्याजणी पुढारी म्हणत. बाकीच्या चौघी हसल्या, पण जरा जास्तच, आणि फ्यूजकडे न बघता.

सामानाच्या खोलीत माइकचे स्टँड, फुटका ढोल आणि मालकांनी घरून आणून टाकलेली एक सायकल होती. फ्यूजनं दार लोटलं. कॉपीचा तुकडा तिनं मोबाइलवर घेतला होता. सोबत आणलेले हेडफोन तिनं आईच्या कानांवर चढवले.

आईनं तिन्ही ध्रुपदं शांतपणे ऐकली. तिसऱ्याला तिच्या भुवया जवळ आल्या.

"'वेणी'वर सूर जरा उतरला का गं माझा?"

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

"आई, तू भलतंच काहीतरी गातेयस!"

"इथे आई नाही, मॅडम."

"किती वर्षं चाललंय हे?"

आईनं सायकलच्या सीटवरची धूळ बोटानं पुसली. "तू बालवाडीत असशील. तेव्हा एक साबणाची जाहिरात होती. 'फेस फेस फेस' असं चौदा वेळा म्हणायचं होतं. चारदा म्हटलं. पाचव्यांदा म्हटलं, कोण ऐकतंय? म्हणून बघितलं. कुणीच नाही."

"तेव्हापासून प्रत्येक गाण्यात?"

"छे. बालगीतांत नाही. पोरांशी काय वैर आपलं?"

"ती बँकेची जाहिरात?"

"त्यात तुझे बाबा होते."

"गाण्यात?"

"त्यांच्या घोरण्याबद्दल होतं. दोन कडवी."

फ्यूज फुटक्या ढोलावर बसली. ढोल थोडा आत गेला. एकदम तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि ते विचारावं की नाही हे तिला कळेना.

"आमच्या शाळेची प्रार्थना," ती अखेर म्हणाली. "रोज सकाळी स्पीकरवर लागायची ती. ती इथेच रेकॉर्ड झाली होती ना? त्यातही तू होतीस."

"होते की."

"त्यात काय म्हटलंयस?"

आई पहिल्यांदाच जरा अवघडली. तिनं हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळायला घेतली.

"माझी बस साडेसहाची असायची. तुझा डबा भरून ठेवून मी जायचे, तू झोपलेली. म्हटलं, तुला रोज कुणीतरी सांगायला पाहिजे." ती थांबली आणि मग चालीत नव्हे, नुसती बोलल्यासारखी म्हणाली, "डबा संपव, भांडू नको, स्वेटर काढून विसरू नको."

दहा वर्षं फ्यूज त्या प्रार्थनेला हात जोडून उभी राहिली होती. एकदाही डबा संपवला नव्हता. स्वेटर चार हरवले होते.

बाहेर बोळात कुणीतरी खोकलं.

"या गाण्यानंतर ते तुला बोलावणार नाहीत," फ्यूज म्हणाली. "तुझा आवाज मिसळत नाही म्हणे. पाचजणी पुरे म्हणे."

आईनं वायरीचं गुंडाळणं पूर्ण केलं, टोक व्यवस्थित आत खोचलं आणि हेडफोन तिच्या हातात दिले.

"मग माझा आवाज तेवढा पुस त्यातून. निदान पंख्याचं तरी पुस. पंखा सरांनी स्वतः आणलाय, वाईट वाटेल त्यांना."

"एकटा तुझा पुसता येत नाही. सगळ्या एकाच माइकवर आहात. ती कॉपीच उडवावी लागेल."

"मग कॉपी उडव. तुझी नोकरी आहे."

"आणि तुझी?"

"माझं काय. मागे उभं राहायला कुठे जागा मिळत नाही?" आई दाराकडे वळली. मग थांबली. "आणि हसू नकोस तिथे बसून. तुला हसू आवरत नाही, लहानपणापासून सांगतेय." दार उघडून ती मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, वायर चांगली आहे. माणसंच खरखर करतात."

फ्यूज परत आली तेव्हा संगीतकार तिच्या खुर्चीत बसले होते. हातात पडद्यावर चालणारं पेन होतं आणि त्याच्या टोकानं ते आवाजाच्या पट्ट्या वर ढकलत होते. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अगं ये, ये! ऐक. ही खालची पट्टी जराशी वर केली आणि काय भरलाय बघ कोरस! मी केलं. मी!"

ती खालची पट्टी दाबलेल्या कॉपीची होती. मूळ ट्रॅकखाली ती मिसळली गेली होती आणि खरंच, कोरसला बूड आल्यासारखं वाटत होतं. पाच पातळ आवाजांखाली काहीतरी जाड, उबदार, न हलणारं येऊन बसलं होतं. शब्द कळत नव्हते. नुसता भार कळत होता.

"आणि आता ती जाड बाई ऐकूच येत नाही, बघ," संगीतकार खुशीत म्हणाले. "मिटला प्रश्न. पाइप म्हणजे पाइप वाटतोय! कुठली जादू आहे ही, जरा बघू तरी."

"सर, ते बटण—"

पण पेन पोचलं होतं. ते बटण दाबलं की बाकी सगळे ट्रॅक गप्प होतात आणि तेवढा एकच वाजतो. मोठ्या स्पीकरमधून, खोलीभर, दाबलेली कॉपी एकटी वाजायला लागली.

सहा बायका, एक पंखा,
तोही बघतो सरांकडे.

संगीतकारांचं पेन हवेत राहिलं. त्यांनी अगदी सावकाश मान वळवून काचेपलीकडे पाहिलं. मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात स्टँडचा पंखा उभा होता. त्याचं तोंड, तालमीच्या वेळी संगीतकार जिथे उभे राहून हात हलवत, बरोब्बर त्या जागेकडे होतं.

फ्यूजनं गालाचा आतला भाग दाताखाली धरला.

गाणं चालूच होतं. त्यांनी ते बंद केलं नाही. मधलं कडवं ते ऐकत नव्हते, कारण या कॉपीत कडवं नव्हतंच, नुसती शांतता होती आणि त्या शांततेत सहा बायकांच्या पायांची चुळबुळ. मग तिसरं ध्रुपद आलं. तीस वर्षं पाठ बघते. हिचा खांदा, तिची वेणी. संगीतकारांचा हात मफलरकडे गेला आणि तिथेच थांबला. क्षणभर फ्यूजला वाटलं, हे आता काहीतरी वेगळंच बोलणार.

"सगळ्यांना आत बोलाव," ते म्हणाले. "पुन्हा घ्यायचं. पाचजणींवर."

"सर, वीस मिनिटं आहेत साहेब यायला."

"तेवढ्यात होतं. उभ्या राहू देत आपापल्या जागी, आणि मग त्या बाईला सांग, घरी जा म्हणून. सगळ्यांच्या देखत सांग. माझ्या गाण्यात म्हणे पंखा!"

"मी सांगू?"

"मग कोण सांगणार? बोलायचं बटण कुणाजवळ आहे?"

ते खरं होतं. तिच्या डाव्या हाताशी एक लाल चौकोनी बटण होतं. ते दाबून धरलं की तिचा आवाज काचेपलीकडच्या खोलीत ऐकू जाई. दिवसातून शंभरदा ती ते दाबे. "ताई, कागद वाजतोय." "पुन्हा एकदा, पहिल्यापासून." "दोन नंबर, जरा हळू." दर खेपेला कोरस सुरू होण्याआधी एक ठरलेलं वाक्य असे, आणि तेही तिनंच म्हणायचं असे: "मागच्या ताई, आपल्या फुलीवरच राहा." तीन वर्षं ती ते म्हणत आली होती. आज सकाळीसुद्धा म्हणाली होती, आदल्या रात्री याच बाईनं डोक्याला तेल लावून दिलेलं असताना.

सहाजणी आत आल्या. पाचजणी ओळीत उभ्या राहिल्या. सहावी खाली न बघता जुन्या फुलीवर जाऊन उभी राहिली. तिनं पिशवी आधीच खांद्याला लावली होती.

"सांग," संगीतकार म्हणाले.

फ्यूजनं बटण दाबलं.

"आई."

मोठ्या खोलीतल्या स्पीकरमधून तो शब्द बाहेर पडला. पुढच्या पाचजणींनी एकदम मागे वळून पाहिलं. आईनंही सवयीनं मागे वळून पाहिलं. तिच्या मागे भिंत होती.

"आई, दोन पावलं पुढे ये."

नियंत्रणाच्या खोलीत सोफ्याची एक स्प्रिंग कुणी बसलेलं नसताना कुरकुरली.

"आई?" संगीतकार म्हणाले. "कुणाची?"

"माझी."

"केव्हापासून?"

"मी जन्मल्यापासून, सर."

संगीतकार तिच्याकडे वळले. "म्हणजे तू तिला... हे सगळं तुम्ही दोघी मिळून..."

"नाही सर. मला आज कळलं. मशीननं सांगितलं. आणि मघाशी तुम्हाला जो भरीव आवाज आवडला तो तिचाच होता. तुम्ही पट्टी वर केलीत तेव्हा तीच वर आली. कोरस पातळ वाटतो, कारण त्यातली जाड बाई दोन पावलं मागे उभी केलीय."

"उद्यापासून दोघींनी यायचं नाही. कळलं? दोघींनी!"

"कळलं, सर," फ्यूज म्हणाली. "उद्याचं उद्या. आजचं घेऊया का? सतरा मिनिटं उरलीयत."

संगीतकारांनी काचेकडे पाहिलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फ्यूजचं बोट अजून लाल बटणावरच आहे. पलीकडे सहाही बायका सगळं ऐकत उभ्या होत्या.

पुढारी सगळ्यांत आधी हलली. माइकसमोरची तिची फुली सोडून ती एक पाऊल डावीकडे सरकली. तिच्या शेजारणीला मग सरकावंच लागलं, तिच्या शेजारणीलाही. ओळीच्या मध्यावर एका माणसाएवढी जागा झाली. मग पुढारी कोपऱ्यात गेली, तिनं पंख्याची मान दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. पंखा जुना होता, कुरकुरला, पण फिरला.

"पंखा बंद करा!" संगीतकार ओरडले. "रेकॉर्डिंगला पंखा चालत नाही!"

बटण दाबलेलं असल्यामुळे हेही पलीकडे ऐकू गेलं. पुढारीनं पंखा बंद केला. तोंड मात्र तिकडेच राहिलं, बायकांकडे.

आईनं खांद्यावरची पिशवी काढून जुन्या फुलीवर ठेवली, जागा धरून ठेवावी तशी. एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. माइक एकदम इतका जवळ आला की ती जरा दचकली आणि तिनं त्याच्याकडे, लग्नात अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं.

"मॅडम," ती माइकमध्ये म्हणाली, आणि तिचा आवाज नियंत्रणाच्या खोलीत इतका मोठा आला की संगीतकार मागे सरकले, "शब्द कुठले म्हणू?"

खाली रस्त्यावर गाडीचं दार लागलं. साहेब वेळेआधीच आले असावेत. संगीतकार खिडकीपर्यंत गेले, खाली पाहिलं, परत आले, मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग ते सोफ्यावर बसले. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"तुला वाटतील ते," फ्यूज म्हणाली. "फक्त आता ऐकू येणार आहेत, एवढं लक्षात ठेव."

आईनं हातातला कागद पाहिला. साहेबांचे शब्द होते त्यावर. तिनं त्याची घडी केली, मग घडी पुन्हा उघडली आणि कागद समोरच्या स्टँडवर ठेवला. सरळ ठेवला की उलटा, ते काचेतून दिसत नव्हतं.

फ्यूजनं दाबलेल्या कॉपीची पट्टी शून्यावर आणली. रेकॉर्डचं बटण दाबलं. दारावरचा लाल दिवा लागला.

ओळ सुरू होण्याआधी पाच श्वास ऐकू आले. मग सहावा. खोल, जड पातेलं उचलण्याआधी घ्यावा तसा. तो मूळ ट्रॅकमध्येच आला.